गोल्फमधून तरुणांना काय शिकता येतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पालकांकडून आणि खेळणाऱ्या मुलामुलींकडून सतत येतात. मुलांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरही त्यांनाच उद्देशून दिलं आहे. एकाच गोष्टीचा दोनदा उल्लेख टाळण्यासाठी संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गोल्फमधून असं काय शिकायला मिळतं, जे दुसऱ्या खेळात मिळत नाही?

जिद्द, सराव, शिस्त या गोष्टी कुठलाही खेळ मनापासून खेळला तर अंगी येतात. त्यासाठी गोल्फच हवा असं मुळीच नाही. गोल्फचं वेगळेपण दोन ठिकाणी आहे.

पहिलं म्हणजे इथे स्वतःच्या विरोधातला निकाल स्वतःच द्यावा लागतो. बहुतेक खेळांत खेळाडू पंचाकडे बघतो आणि पंच म्हणेल ते मान्य करतो. गोल्फमध्ये चौघं चार दिशांना आपापला चेंडू शोधत असतात, आणि झुडपामागे काय घडलं ते त्या एकालाच ठाऊक असतं.

दुसरं म्हणजे रिकामा वेळ. १८ होलच्या राउंडला (होल म्हणजे चेंडू ज्यात घालायचा तो खळगा आणि तिथवरचा पट्टा, राउंड म्हणजे एक पूर्ण फेरी) साधारण चार तास लागतात. त्यातली प्रत्यक्ष चेंडू मारण्याची वेळ काही मिनिटांचीच. उरलेला सगळा वेळ चालायचं, आणि डोक्यात जे घोळतंय ते घेऊन चालायचं. फुटबॉलमध्ये पास चुकला तर विचार करायला सवड नसते, खेळ पुढे गेलेला असतो. गोल्फमध्ये चुकलेल्या फटक्यानंतर कितीतरी पावलं त्या चुकीसोबत काढावी लागतात. या खेळाकडून जे काही शिकायला मिळतं, ते बहुतेक या दोन गोष्टींतून येतं.

२. सुरुवात कोणत्या वयात करावी?

हातात हलका क्लब (चेंडू मारायची काठी) धरता येतो आणि सांगितलेलं ऐकून सुरक्षित अंतरावर उभं राहता येतं, तेव्हा. सुरुवात पटिंगपासून, म्हणजे चेंडू जमिनीवरून होलकडे घरंगळवण्यापासून, करावी. चेंडू होलमध्ये पडल्याचा आनंद लहान मुलाला लगेच कळतो. पंधराव्या-सोळाव्या वर्षी सुरू केलं म्हणून उशीर झाला असं समजू नका. व्यावसायिक व्हायचं असेल तर वयाचा हिशेब वेगळा, पण या पानावर ज्या गोष्टींची चर्चा आहे त्यांना वयाची अट नाही.

३. आमच्या जवळ कोर्स (गोल्फचं मैदान) नाही. फक्त ड्रायव्हिंग रेंजवर (फटक्यांच्या सरावाच्या जागी) जाऊन हे सगळं शिकता येईल का?

स्विंग शिकता येईल, बाकीचं फारसं नाही. रेंजवर फटका फसला की पुढचा चेंडू तयारच असतो, फसलेल्याची नोंद कुठेच होत नाही. कोर्सवर चेंडू जिथे पडला तिथूनच खेळावं लागतं. मात्र सराव करतानाही परिणाम जोडता येतो. पटिंगला एकच चेंडू घ्या, नऊ वेगवेगळ्या अंतरांवरून प्रत्येक वेळी होल पूर्ण करा आणि आकडा लिहा. महिन्यातून एखादा खरा राउंड मिळाला तरी फरक दिसतो.

४. पंच नसतो, मग खरं-खोटं कोण ठरवतं?

मोठ्या स्पर्धांत नियम सांगायला रेफ्री असतात, पण प्रत्येक खेळाडूमागे रेफ्री फिरत नाही. स्ट्रोक प्लेमध्ये (ज्याचे एकूण फटके सर्वांत कमी तो जिंकतो, अशा प्रकारात) तुमचा स्कोअर दुसरा खेळाडू लिहितो, त्याला मार्कर म्हणतात. राउंड संपल्यावर दोघं आकडे पडताळतात आणि दोघांची सही होते. तरीही नियमांचा पाया असा आहे की पेनल्टी लागली हे खेळाडूनेच ओळखायचं, सांगायचं आणि मोजायचं. मार्कर ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) दुसऱ्या टोकाला असेल तर त्याला काय दिसणार?

५. मी १६ वर्षांचा आहे. रफमध्ये (कडेच्या उंच गवतात) क्लब टेकवताना माझा चेंडू जरासा हलला. कोणी पाहिलं नाही. सांगायलाच हवं का?

हो. तुझ्यामुळे चेंडू हलला असेल तर एक फटक्याची पेनल्टी आणि चेंडू पुन्हा मूळ जागी ठेवायचा. दोन अपवाद लक्षात ठेव. ग्रीनवर चेंडू चुकून हलला तर पेनल्टी नाही, फक्त परत ठेवायचा. चेंडू शोधताना पाय लागून हलला तरी तसंच. म्हणजे नियम उगाच छळायला बसलेले नाहीत.

या प्रश्नाशी जोडलेली सर्वांत प्रसिद्ध घटना १९२५ च्या यूएस ओपनमधली. बॉबी जोन्सचा चेंडू रफमध्ये किंचित हलला. सोबत खेळणाऱ्याने पाहिलं नाही, अधिकाऱ्यांनीही नाही. त्याने स्वतःला एक फटका लावून घेतला. शेवटी विली मॅकफार्लेनशी त्याची बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये (बरोबरी सोडवण्यासाठीच्या जादा खेळात) तो एका फटक्याने हरला. तो एक फटका मोजला नसता तर प्लेऑफची वेळच आली नसती. लोक कौतुक करू लागले तेव्हा त्याला ते आवडलं नाही. नियमाप्रमाणे खेळण्यात कौतुक कसलं, असं त्याचं म्हणणं होतं.

अलीकडचं उदाहरण २०१० चं. ब्रायन डेव्हिसने तोवर पीजीए टूरची (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेतली) एकही स्पर्धा जिंकली नव्हती आणि जिम फ्युरिकविरुद्ध तो प्लेऑफ खेळत होता. क्लब मागे नेताना एका सुटलेल्या वाळक्या काडीला स्पर्श झाल्याची त्याला शंका आली. त्याने स्वतः अधिकाऱ्याला बोलावलं. चित्रफीत सावकाश फिरवल्यावर स्पर्श दिसला. तेव्हाच्या नियमाने दोन फटके लागले आणि विजय फ्युरिककडे गेला.

तुझ्या मनात आत्ता जी चुळबुळ आहे ना, ती जपण्यासारखी आहे. पहिल्यांदा सांगताना घशाशी येतं. दुसऱ्यांदा कमी. मग एक दिवस असा येतो की सांगावं की नाही हा प्रश्नच पडत नाही, हात आपोआप वर जातो. पेनल्टी बसायचं नुकसान या सवयीपुढे फार लहान आहे.

६. माझा मुलगा (वय ९) नेहमी खऱ्यापेक्षा कमी आकडा सांगतो. रागवू का?

आधी तो खोटं बोलतोय की मोजायला चुकतोय ते पाहा. या वयात दुसरंच जास्त असतं. हुकलेला फटका, म्हणजे चेंडूला न लागलेला स्विंग, मुलं मोजतच नाहीत. मारण्याच्या हेतूने क्लब फिरवला की तो फटका धरला जातो, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) तीनदा मारलं तर आठवतं एकदाच.

होल संपल्यावर ग्रीनच्या कडेला उभं राहून टीकडे (होलचा पहिला फटका मारतात त्या जागेकडे) बोट दाखवत एकेक फटका आठवायला लावा. "टीवरून एक. झाडाखालून दोन. मग हवेत गेला तो तीन. बंकरमध्ये चार. तिथून बाहेर नाही आला, पाच…" मुलं याची मजा घेतात आणि काही आठवड्यांत स्वतःहून करू लागतात. पेन्सिल त्याच्याच हातात द्या. तुम्ही कार्ड लिहिलंत तर तो तुमच्यासमोर आकडा लढवेल. त्याने लिहिलं तर आकडा त्याचा होतो.

मोजता येत असूनही लपवत असेल, तर आकड्याबद्दलची तुमची पहिली प्रतिक्रिया तपासा. कोर्सवरून परतल्यावर पहिला प्रश्न "किती झाले?" असेल तर मूल सोयीचं उत्तर द्यायला शिकतं. त्याऐवजी "आजचा सगळ्यात चांगला फटका कोणता?" असं विचारा. नऊ झाले म्हणून चेहरा पडणार नाही, याची खात्री पटली की तो नऊच सांगेल. उघड आणि वारंवार खोटं असेल तर मात्र स्पष्ट बोलावं लागतं: या आकड्यावर खेळायचं नाही.

७. एक होल बिघडला की मुलगी पुढचे तीन होल घालवते. काय करावं?

जवळपास प्रत्येक नव्या खेळाडूचं हेच होतं. यामागे बहुतेकदा चुकीची अपेक्षा असते. तिला वाटतं, चांगले खेळाडू चुकत नाहीत. तिला खरे आकडे दाखवा. पीजीए टूरवरचे खेळाडू ८ फुटांवरचे निम्मेच पट (पटिंगचे फटके) होलमध्ये घालतात. २० फुटांवरून सहा-सातांतला एखादा. १८ पैकी साधारण १२ ग्रीनवर ते ठरलेल्या फटक्यांत पोचतात, म्हणजे प्रत्येक राउंडमध्ये सहाएक ग्रीन जगातले उत्तम खेळाडूही चुकवतात. हे कळल्यावर दहा फुटांचा पट हुकल्यावर रडायचं कारण उरत नाही.

दुसरा उपाय चालण्यात आहे. रागाला हद्द ठरवून द्या: क्लब बॅगेत जाईपर्यंत काय वाटायचं ते वाटू दे. क्लब आत गेला की नजर वर, झाडांच्या शेंड्यांकडे, आणि विचार पुढच्या फटक्याचा. "विसर" म्हटल्याने कोणी विसरत नाही. हाताला आणि डोळ्यांना ठरलेलं काम दिलं की मन मागून येतं. परीक्षेत पहिला प्रश्न अवघड गेलेल्या मुलीला हीच सवय उपयोगी पडते, पण ते तिला तुम्ही सांगू नका. तिचं तिला कळू दे.

८. मुलगा रागात क्लब आपटतो. हे वयाचं म्हणून सोडून द्यावं का?

नाही. फेकलेला क्लब कोणाला तरी लागू शकतो, आणि जमिनीला पडलेला खड्डा मागून येणाऱ्याच्या वाट्याला येतो. त्या दिवसाचा खेळ तिथेच थांबवावा, शांतपणे, भाषण न देता. पुढच्या वेळी प्रश्न ७ मधला क्लब-बॅग उपाय आधीच ठरवून घ्या.

९. मोठ्या स्पर्धेत आघाडीवर असताना मी कोसळले. आता खेळायचीच भीती वाटते. यातून कोणी बाहेर आलंय का?

आलंय, आणि साऱ्या जगासमोर. २०११ च्या एप्रिलमध्ये २१ वर्षांचा रोरी मॅकिलरॉय मास्टर्सच्या शेवटच्या दिवशी चार फटक्यांच्या आघाडीने उतरला. दहाव्या होलवर ट्रिपल बोगी (ठरलेल्यापेक्षा तीन फटके जास्त) झाली आणि पुढे सगळं घसरत गेलं. त्या दिवशी त्याचे ८० फटके झाले. तरी तो कॅमेऱ्यांसमोर उभा राहिला, प्रश्नांना उत्तरं दिली. दोन महिन्यांनी यूएस ओपन त्याने आठ फटक्यांनी जिंकली.

पण एवढ्यावर थांबलं तर तुझी दिशाभूल होईल. तीच मास्टर्स जिंकायला त्याला २०२५ साल उजाडलं, चौदा वर्षं लागली. मधल्या काळात तिथे तो अनेकदा खेळला आणि जिंकला नाही. म्हणून "पुढच्या वेळी नक्की जिंकशील" असं तुला सांगणार नाही. पुढच्या वेळी पहिल्या टीवर उभं राहणं तुझ्या हातात आहे. एखाद्या छोट्या, बिनमहत्त्वाच्या स्पर्धेत लवकर उतर. फार दिवस मध्ये गेले की भीती वाढते.

१०. प्रशिक्षक म्हणतात सुरक्षित फटका मार. मला धाडसी फटका मारायला आवडतो. धाडस वाईट का?

धाडस वाईट नाही. हिशेब न करता केलेलं धाडस महाग पडतं. १९९९ ची ब्रिटिश ओपन स्पर्धा, स्कॉटलंडमधलं कार्नूस्टी. शेवटच्या होलवर ज्याँ व्हान द वेल्डकडे तीन फटक्यांची आघाडी होती. सहा फटक्यांत होल पूर्ण झाला तरी विजेतेपद त्याचंच होतं. ड्राइव्ह (टीवरचा लांब फटका) भरकटल्यावर आखूड फटका मारून थांबण्याऐवजी तो थेट ग्रीनकडे गेला. चेंडू प्रेक्षकांच्या स्टँडला लागून मागे उडाला, दाट गवतात गेला, तिथून पाण्यात. सात फटके लागले आणि प्लेऑफ पॉल लॉरीने जिंकला.

फटक्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचार. हा फटका दहापैकी कितीदा जमतो? आणि नाही जमला तर चेंडू कुठे जाईल? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येत नसेल तर तो फटका मारू नकोस.

गोल्फमधला एक नियम मला फार आवडतो. चेंडू अगदीच वाईट जागी अडकला तर 'अनप्लेएबल' जाहीर करता येतो. एक फटक्याची पेनल्टी घ्यायची आणि बाहेर काढून खेळायचं. पेनल्टी एरिया (तळं, ओढा अशी आखलेली जागा) सोडून कोर्सवर कुठेही हे चालतं आणि ठरवणारा खेळाडूच. अडकलोय हे मान्य करून ठरलेली किंमत देणं आणि पुढे निघणं, हे अनेक मोठ्या माणसांनाही जमत नाही. झुडपात चार वेळा क्लब चालवणाऱ्या मुलाला हा पर्याय जरूर दाखवावा.

११. हँडिकॅप म्हणजे कमकुवत खेळाडूला दिलेली सवलतच ना?

हँडिकॅप म्हणजे खेळाडूच्या ताकदीनुसार त्याच्या फटक्यांतून वजा होणारा आकडा. वेगवेगळ्या ताकदीच्या खेळाडूंना एकमेकांशी बरोबरीने खेळता यावं म्हणून तो असतो. २०२० पासून लागू असलेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत शेवटच्या २० स्कोअरपैकी सर्वोत्तम ८ धरले जातात आणि हँडिकॅप जास्तीत जास्त ५४ असू शकतो. त्यामुळे चौदा वर्षांची मुलगी साठीतल्या अनुभवी खेळाडूला रीतसर हरवू शकते.

तरुणांना यातून एक गोष्ट उमगते: तुलना कालच्या स्वतःशी करायची. ५४ वरून ४० वर येणं ही खरी प्रगती आहे, शेजारचा ८ वर असला तरी. हँडिकॅप मुद्दाम वाढवून ठेवणारेही असतात, म्हणजे वाईट स्कोअर तेवढे नोंदवायचे आणि स्पर्धेत चमकायचं. कमी आकडा सांगण्याइतकीच ही फसवणूक आहे, फक्त उलट दिशेची (प्रश्न ६ पाहा).

१२. बंकर सारखा करा, गवत परत बसवा, गप्प उभे राहा… हे सगळं जुनाट नाही का?

कपड्यांचे काही नियम जुनाट वाटतात, त्याबद्दल वाद घालायला हरकत नाही. बाकीच्यांना ठोस कारण आहे. ग्रीनवर पडलेल्या चेंडूचा खळगा लगेच दुरुस्त केला तर गवत लवकर सावरतं, तसाच ठेवला तर बरेच दिवस डाग राहतो. बंकरमधल्या पावलांच्या खड्ड्यात मागच्याचा चेंडू पडला तर त्याला तो तिथूनच खेळावा लागतो. "फोर!" (चेंडू येतोय, सावध!) अशी आरोळी वेळेवर दिली नाही तर कोणाचं डोकं फुटू शकतं.

वेळेचंही तसंच. फटक्यासाठी ४० सेकंदांपेक्षा जास्त घेऊ नये अशी शिफारस आहे, आणि हरवलेला चेंडू शोधायला २०१९ पासून तीनच मिनिटं मिळतात, आधी पाच होती. मागून येणाऱ्या, कधीच न भेटणाऱ्या माणसाचा विचार करून वागायची ही रोजची सवय आहे.

१३. अनोळखी मोठ्या माणसांबरोबर खेळायला लागलं तर मी काय बोलू?

नाव सांग, खेळण्याआधी शुभेच्छा दे, चांगल्या फटक्याला दाद दे. कोणी फटका मारत असताना बोलू नकोस. चार तासांत बोलणं आपोआप सुचतं, आणि वयाने तिप्पट मोठ्या माणसाशी समोरासमोर बोलायची अशी संधी तरुणांना क्वचितच मिळते. एक गोष्ट सांभाळ. स्पर्धेत "कुठला क्लब वापरला?" असं विचारलंस तर तो सल्ला मागणं धरलं जातं आणि पेनल्टी लागते. अंतर किंवा नियम मात्र खुशाल विचार.

१४. मी मुलीची कॅडी (बॅग वाहणारा मदतनीस) होऊ का? की दूर राहावं?

नातं तो ताण सोसू शकत असेल तर जरूर व्हा. अदिती अशोकचं उदाहरण आहेच. रिओ ऑलिंपिकमध्ये तिचे वडील तिची बॅग वाहत होते, टोकियोत आई. टोकियोत ती चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं.

पण बहुतेक घरांत बाबा प्रत्येक फटक्याआधी क्लब सुचवतात आणि नंतर चूक दाखवतात. मग चुकीचा निर्णय बाबांचा आणि राग मुलीचा. कॅडी व्हायचं असेल तर तिने विचारल्याशिवाय क्लब सुचवू नका. पाणी द्या, बॅग धरा, हवामान पाहा. निर्णय तिचा, आकडाही तिचा. घरी जाताना खेळाचा विषय तिने काढला तरच काढा.

१५. माझ्या जवळच्या मैत्रिणीने चेंडू पायाने सरकवला. मीच तिची मार्कर आहे. काय करू?

लगेच, एकटीला गाठून विचार: "चेंडू हलला का?" तिला स्वतःहून सांगायची संधी मिळू दे. तिने मान्य केलं तर पेनल्टी धरून आकडा लिहा, विषय संपला. नाकारलं तर कार्डवर सही करू नकोस आणि समितीला (स्पर्धा चालवणाऱ्यांना) काय पाहिलंस तेवढं सांग, तर्क लावू नकोस.

गप्प राहायचं असं तुम्ही दोघींनी मिळून ठरवलंत तर तूही अडचणीत येशील. नियम मोडलाय हे माहीत असून तो न लावण्याचं संगनमत केलं तर दोघी बाद होतात. मैत्री काही दिवस बिघडेल, कदाचित कायमची. हे सोपं आहे असं मी म्हणणार नाही.

१६. चुकून चुकीच्या आकड्यावर सही झाली, फसवायचं नव्हतं. तरी बाद?

कुठल्या बाजूला चूक झाली त्यावर आहे. एखाद्या होलचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त लिहिला गेला तर तो जास्तीचाच कायम राहतो. कमी लिहिला गेला तर बाद. अपवाद एवढाच की पेनल्टी लागली आहे हे तुम्हाला सही करताना ठाऊकच नव्हतं आणि म्हणून ती राहिली, तर बाद न करता ती नंतर जोडतात.

१९६८ च्या मास्टर्समध्ये रोबेर्तो दे व्हिसेंझोने १७ व्या होलवर तीन फटके घेतले. मार्करने चार लिहिले आणि त्याने न पाहता सही केली. ६५ चे ६६ झाले आणि बॉब गोल्बीशी प्लेऑफ खेळायची संधी गेली. त्याने दोष स्वतःलाच दिला, मार्करला नाही. तरुण मुलांनी कार्ड देण्याआधी प्रत्येक होल बोट ठेवून वाचावा. बेरीज समितीचं काम आहे, होलचे आकडे तुमचं.

१७. समोरच्याचा छोटा पट "दिला" असं म्हणतात. तो मोठेपणा की गाफीलपणा?

मॅच प्लेमध्ये (समोरासमोरच्या सामन्यात, जिथे होलगणिक हार-जीत ठरते) असा पट देता येतो, म्हणजे तो न मारताच होलमध्ये गेला असं धरतात. स्ट्रोक प्लेमध्ये नाही, तिथे प्रत्येकाने चेंडू होलमध्ये घालायलाच हवा. १९६९ च्या रायडर कप या सांघिक स्पर्धेत शेवटच्या सामन्याच्या शेवटच्या ग्रीनवर जॅक निक्लॉसने टोनी जॅकलिनला दोन-तीन फुटांचा पट दिला आणि कप १६-१६ असा बरोबरीत सुटला. त्याच्या संघातले काही जण नाराज झाले. माझ्या मते निक्लॉसने योग्य केलं, पण तरुण खेळाडूने प्रत्येक वेळी तसं करायलाच हवं असं नाही. पट घालायला लावणं हा उद्धटपणा नाही. आधी सतत पट द्यायचे आणि नेमक्या दडपणाच्या क्षणी तेवढाच पट घालायला लावायचा, हे डावपेच म्हणून चालतं. मैत्रीच्या खेळात मात्र टाळावं.

१८. मुलाला गोल्फ आवडत नाही. संस्कारांसाठी पाठवत राहावं का?

नको. मन नसताना चार तास चालणाऱ्या मुलाला त्यातून कंटाळाच शिकायला मिळतो. आधी नऊ होल, मित्रांसोबत, स्कोअर न लिहिता खेळवून पाहा. तरीही नको असेल तर त्याला आवडणारा खेळ खेळू द्या.

१९. स्पर्धेत अशी परिस्थिती आली की नियमच माहीत नाही आणि विचारायला कोणी नाही. प्रामाणिक राहायचं तरी कसं?

स्ट्रोक प्लेमध्ये यावर सोय आहे. पुढचा फटका मारण्याआधी मार्करला सांग की मी दोन चेंडू खेळणार आहे आणि नियमात बसत असेल तर अमुक एका चेंडूचा आकडा धरावा. मग दोन्ही चेंडूंनी तो होल पूर्ण कर आणि दोन्ही आकडे लिहून ठेव. कार्ड देण्याआधी समितीला सगळं सांग. दोन्ही चेंडूंचा आकडा सारखाच आला तरीही सांगावंच लागतं, न सांगता कार्ड दिलं तर बाद होशील. मॅच प्लेमध्ये दोन चेंडूंची ही मुभा नाही. तिथे समोरच्या खेळाडूशी बोलून एकमताने मार्ग काढायचा, किंवा निर्णय समितीकडून मागायचा आहे असं त्याला वेळेत सांगून पुढे खेळत राहायचं.